तात्पुरत्या टेकूची कायमची उपेक्षा
नूतनीकरणात भारवाहक भिंत हटवण्याचे काम कायदा, परवानगी आणि अंदाजपत्रक या तिन्हींच्या नजरेआड

नवी दिल्ली : मुंबईच्या घाटकोपर उपनगरातील एक चार मजली निवासी इमारत २५ जुलै २०१७ रोजी सकाळी कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. इमारत जुनी होती, पावसाळा सुरू होता. मात्र चौकशीचा रोख लगेच तळमजल्याकडे वळला. तेथे पूर्वीच्या रुग्णालयाच्या जागेत नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्या कामात इमारतीचा भार पेलणाऱ्या भागांना हात लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला. पुढे या प्रकरणी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

या घटनेनंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने दोन प्रश्नांची : परवानगी घेतली होती का, आणि इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली होती का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु तिसरा आणि तितकाच मूलभूत प्रश्न अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर मागे पडतो. भिंत किंवा खांब काढताना, जुना आधार गेलेला आणि नवा आधार अद्याप कामाला न लागलेला अशा मधल्या काळात, वरच्या मजल्यांचे ओझे कशावर उभे होते? ते ओझे पेलण्यासाठी टेकू दिले होते का, किती दिले होते, ते कोणी ठरवले आणि ते काढण्याची परवानगी कोणी दिली?

देशातील बहुतेक घरगुती नूतनीकरणांत या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कागदावर सापडत नाहीत. इमारतीच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक दिवस हेच सर्वांत कमी देखरेखीचे दिवस ठरतात.

भिंत नेमके काय पेलते?

जनगणना २०११ नुसार देशातील जवळपास निम्म्या घरांच्या भिंती भाजलेल्या विटांच्या आहेत. यांपैकी अनेक घरांत, विशेषतः एक ते तीन मजली जुन्या बांधकामांत, स्वतंत्र काँक्रीटचे खांब नसतात. छताचा भार थेट भिंतींवर येतो आणि भिंतींमार्फत पायात उतरतो. अशा भिंतींना भारवाहक भिंती म्हणतात. उंच इमारतींत मात्र काँक्रीटचे खांब आणि तुळया भार वाहतात. भिंती केवळ जागा विभागतात, असे मानले जाते.

भारवाहक भिंतीवरील ओझ्याचा अंदाज साध्या हिशेबानेही येतो. दोन मजली घराच्या तळमजल्यावर दहा फूट रुंदीच्या दोन खोल्या शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यामधली नऊ इंची भिंत काढायची आहे, असे समजू. पाच इंच जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. त्यावर फरशीचे सुमारे १०० किलो आणि माणसे व सामानासाठी भारतीय मानकानुसार धरायचे २०० किलो मिळवले, तर एक चौरस मीटर जागेचा भार ६०० किलोंवर जातो. मधल्या भिंतीवर दोन्ही खोल्यांच्या स्लॅबचा निम्मा निम्मा भाग, म्हणजे तीन मीटर रुंदीचा पट्टा येतो. याचा अर्थ, भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एका स्लॅबचे सुमारे १.८ टन ओझे असते. गच्चीचा स्लॅब तेवढेच ओझे टाकतो. वरच्या मजल्यावरील विटांची भिंत मीटरमागे आणखी १.४ टनांची भर घालते. बेरीज होते मीटरमागे पाच टन.

बैठकीची खोली मोठी करण्यासाठी या भिंतीत दहा फुटांचे मोकळे दार काढायचे ठरले, तर सुमारे १५ टन ओझ्याखालचा आधार काढून घेतला जातो. ही साधारण पंधरा छोट्या मोटारींच्या वजनाइतकी रास आहे. नवी लोखंडी तुळई बसून ती कामाला लागेपर्यंत हे सगळे ओझे तात्पुरत्या टेकूंवर असते.

शास्त्र जुने, पद्धत परिचित

हे ओझे सुरक्षितपणे उचलून धरण्याचे तंत्र नवे नाही. मुंबईतील उपकरप्राप्त जुन्या चाळींना आणि इमारतींना लावलेले लाकडी व लोखंडी टेकू शहराच्या परिचयाचे आहेत. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत कुजलेला लाकडी खांब बदलताना तुळईला आधी टेकू देण्याची रीत जुन्या सुतारांना ठाऊक होती.

विटांच्या भिंतीसाठी रूढ पद्धत अशी : काढायच्या भागाच्या वर, ठरावीक अंतराने भिंतीला आरपार भोके पाडली जातात. प्रत्येक भोकातून लोखंडी किंवा मजबूत लाकडी आडवा तुकडा सुईसारखा घातला जातो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याच्या टोकांखाली लोखंडी जॅक उभे केले जातात. जॅकखाली जाड फळ्या टाकून भार जमिनीवर पसरवला जातो आणि जॅक आडव्या-तिरक्या नळ्यांनी परस्परांना बांधले जातात. ओझे या व्यवस्थेवर आल्यावरच खालची भिंत हळूहळू काढली जाते. त्यानंतर नवी तुळई बसते, तिच्या आणि वरच्या विटकामाच्या मधली फट न आकसणाऱ्या मसाल्याने घट्ट भरली जाते, मसाल्याला ताकद येऊ दिली जाते आणि मगच जॅक थोडे थोडे सैल केले जातात.

यातील प्रत्येक टप्प्यावर चूक होऊ शकते आणि त्या चुका ठरावीक आहेत.

पहिली चूक भार ओळखण्यातली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्लॅबखाली जॅकच्या रांगा लावल्या की काम झाले, असा समज असतो. या रांगा स्लॅब पेलतात. परंतु स्लॅबच्या वर त्याच रेषेत उभी असलेली वरच्या मजल्याची भिंत त्या थेट पेलत नाहीत. तिचे ओझे मधल्या पट्ट्यात अधांतरी राहते आणि स्लॅबला जेथे मुळात आधार होता तेथेच त्याला वाकवते. आरपार जाणाऱ्या आडव्या तुकड्यांची गरज पडते ती यासाठी.

दुसरी चूक जॅकच्या क्षमतेविषयीची. उभ्या सडपातळ आधाराची वाकण्याविरुद्धची ताकद त्याच्या उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. उंची दुप्पट झाली की ताकद एक चतुर्थांश उरते. आठ फुटांवर निर्धोक असलेला जॅक बारा फुटांपर्यंत ताणला, तर त्याची क्षमता निम्म्याहून कमी होते. वाकडी बल्ली, तिच्याखाली रचलेल्या सुट्या विटा किंवा बाजूने न बांधलेले जॅक यांमुळे ही ताकद आणखी घटते.

तिसरी चूक खालच्या मजल्याकडे दुर्लक्ष करण्याची. वरच्या मजल्यावरील भिंत काढताना जॅक खालच्या स्लॅबवर उभे राहतात. वरील उदाहरणातील दोन खोल्यांचा स्लॅब माणसे आणि सामान यांच्या मिळून साधारण साडेतीन टन भारासाठी आखलेला असतो. त्यावर टेकूंमार्फत १५ टन उतरवायचे, तर खालच्या मजल्यावरही त्याच रेषेत टेकू देऊन भार थेट जमिनीपर्यंत न्यावा लागतो. खालचे घर दुसऱ्याच्या मालकीचे असेल, तर तेथे जाऊन टेकू लावण्याची कल्पनाही सहसा मांडली जात नाही.

चौथी चूक नव्या तुळईच्या टोकांपाशी होते. १५ टनांपैकी प्रत्येकी साडेसात टन भार तुळईच्या दोन टोकांखालील थोड्याशा विटकामावर एकवटतो. साध्या विटकामाला तो सुरक्षितपणे झेपत नाही. वीट चुरडू लागते. त्यासाठी टोकांखाली काँक्रीटचा रुंद ठोकळा लागतो किंवा पायापासून नवा खांब उभारावा लागतो.

पाचवी चूक घाईची. लोखंडी तुळईऐवजी जागेवर काँक्रीटची तुळई ओतली, तर भारतीय मानक ४५६ नुसार सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे टेकू किमान १४ दिवस आणि त्याहून लांब तुळईखालचे किमान २१ दिवस ठेवावे लागतात. साधे पोर्टलँड सिमेंट आणि १५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसलेले तापमान गृहीत धरून दिलेल्या या मुदती आहेत. घरात धूळ, भाड्याने आणलेले जॅक आणि तोंडावर आलेले लग्न किंवा सण असताना हे दोन-तीन आठवडे निव्वळ विलंब वाटतात.

‘काही झाले नाही’ हा फसवा पुरावा

या सर्व चुका करूनही अनेक घरे उभी राहतात आणि त्यामुळेच त्या पुन्हा पुन्हा केल्या जातात. विटकामाला एक विशेष गुण असतो. खालचा आधार काढला, तरी वरच्या विटा परस्परांत अडकून अदृश्य कमान तयार करतात आणि भार बाजूच्या भिंतीकडे वळवतात. भिंत फोडल्यावर काही तास, काही दिवस, कधी काही महिने काहीच घडत नाही. गवंड्याला आपला अंदाज बरोबर असल्याची खात्री पटते. घरमालकाला अभियंत्याचे शुल्क वाचल्याचे समाधान मिळते.

मात्र ही कमान उरलेल्या भिंतीला बाहेरच्या दिशेने ढकलत असते. ती भिंत अरुंद असेल, तिच्यात आधीच खिडकी असेल, ओल मुरली असेल किंवा शेजारच्या घरातही असेच दार काढले गेले असेल, तर एका क्षणी ही तडजोड संपते. विटकाम काँक्रीटमधील सळईप्रमाणे ताणून, वाकून पुरेशी सूचना देत नाही. तिरक्या भेगा, घट्ट बसू लागलेली दारे, गिलाव्याचे पापुद्रे, बारीक कुरकुर एवढेच इशारे मिळतात आणि नूतनीकरणाच्या धुळीत व गोंगाटात ते सहज विरून जातात.

काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारती या धोक्यापासून पूर्ण मुक्त आहेत, असेही नाही. तेथील भरावाच्या भिंती रोजचा उभा भार वाहत नसल्या, तरी भूकंपात इमारतीला आडवा ताठरपणा देतात. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत तळमजला मोकळा ठेवलेल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. दुकानासाठी किंवा वाहनांसाठी तळमजल्याच्या भिंती काढणे म्हणजे चांगल्या इमारतीत तीच उणीव नव्याने निर्माण करणे होय.

हरियाणातील गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मध्ये १० फेब्रुवारी २०२२ रोजी घडलेली घटना दुसरा धडा देते. एका बहुमजली गृहसंकुलात सहाव्या मजल्यावरील सदनिकेत दुरुस्तीचे काम चालू असताना तेथील स्लॅब खचला आणि त्याच्या आघाताने खालचे स्लॅब पहिल्या मजल्यापर्यंत एकामागून एक कोसळले. दोन महिलांचा मृत्यू झाला. पुढे दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत तो मनोरा असुरक्षित ठरला. काँक्रीटमधील क्लोराइडमुळे सळया गंजत असल्याचे आढळले. काम सुरू करण्यापूर्वी जुन्या काँक्रीटची प्रकृती तपासली नाही, तर फरशी उखडण्यासारखे वरवर किरकोळ कामही जीवघेणे ठरू शकते. टेकू कोठे लागणार, हे इमारतीच्या वयावरून किंवा बाहेरच्या रंगावरून कळत नाही.

कायद्यातील पोकळी

कायद्याने या धोक्याची दखल घेतलेली नाही, असे म्हणता येणार नाही. इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना ती पडून मानवी जीविताला संभवणाऱ्या धोक्याविरुद्ध पुरेशी काळजी न घेणे हा १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८८ नुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० मध्ये ही तरतूद कायम आहे. शिक्षा आहे सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाला, तर अधिक कठोर कलमे लागतात. परंतु दंड कायदा सहसा दुर्घटनेनंतर जागा होतो. काम चालू असताना टेकू पाहण्यासाठी तो कोणाला पाठवत नाही.

काम चालू असतानाची सुरक्षितता हा कामगार कायद्यांचा विषय आहे. तेथे घरगुती नूतनीकरण बहुतांशी बाहेरच राहते. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा केंद्रीय कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता आणि स्वतःच्या निवासासाठीचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम त्यातून वगळलेले होते. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ने निवासी कामासाठीची ही मर्यादा ५० लाख रुपयांवर नेली. भिंत काढून तुळई टाकण्याच्या कामावर चार-पाच माणसे असतात आणि खर्च काही लाखांत आटोपतो. ओझे १५ टनांचे असले, तरी कायद्याच्या लेखी हे काम लहान ठरते.

नगरपालिकांची परवानगी हा तिसरा अडसर. रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणे अशा कामांना सामान्यतः परवानगी लागत नाही. रचनेला हात लावणाऱ्या बदलांना लागते. मुंबईत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ नुसार अशा बदलांची सूचना आयुक्तांना द्यावी लागते, तर कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तथापि दुरुस्ती कोठे संपते आणि रचनात्मक बदल कोठे सुरू होतो, हे प्रत्यक्षात ठरवतो तो छिन्नी हातात घेतलेला कारागीर. ज्या प्रकरणांत परवानगी घेतली जाते, तेथेही नकाशावर दोनच अवस्था दिसतात : आधीची आणि नंतरची. मधली अवस्था कोणी रेखाटत नाही.

जबाबदार तज्ज्ञ कोण, हाही प्रश्न सुटलेला नाही. वास्तुविशारदांच्या नोंदणीसाठी देशात १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी राष्ट्रीय स्तरावर तसा कायदा अद्याप लागू नाही. संरचना अभियंत्यांना परवाने देण्याचे काम स्थानिक संस्था आपापल्या नियमांनुसार करतात. छोट्या शहरांत आणि जुन्या वस्त्यांत घरमालकाचा संबंध थेट मुकादमाशी येतो. इमारती पाडण्याच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ४१३० आहे, काँक्रीट कामातील तात्पुरत्या आधारांसाठी भारतीय मानक १४६८७ आहे आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ ही उपलब्ध आहे. मानकांची वानवा नाही. ती घराच्या उंबरठ्याच्या आत येत नाहीत, ही अडचण आहे.

इतर देशांचा अनुभव

टेकूंच्या अपयशाला श्रीमंत देशही अपवाद नाहीत. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हेनपोर्ट येथे २८ मे २०२३ रोजी एका सहा मजली जुन्या इमारतीचा भाग कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तेथे विटांच्या भारवाहक भिंतीची दुरुस्ती चालू होती. शहर प्रशासनाने नेमलेल्या तज्ज्ञांनी अपुऱ्या तात्पुरत्या आधारावर बोट ठेवले. विशेष म्हणजे तेथे परवानगी होती, अभियंता होता आणि पाहणीही होत होती. भिंतीचे महत्त्व ओळखून टेकूंची आखणी करणे आणि ती प्रत्यक्षात उतरली की नाही हे पाहणे, हा दुवाच निसटला.

ब्रिटनने हा दुवा जोडण्याचा प्रयत्न अर्ध्या शतकापूर्वी केला. १९७२ मध्ये लॉडन नदीवरील पुलाच्या बांधकामात तात्पुरता आधार कोसळून तिघांचा मृत्यू झाल्यानंतर नेमलेल्या ब्रॅग समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला. त्यातून पुढे आलेल्या ब्रिटिश मानकाने तात्पुरत्या कामांसाठी स्वतंत्र समन्वयकाची कल्पना रुजवली. टेकूंची आखणी कोणी केली, ती कोणी तपासली, भार टाकण्याची आणि टेकू काढण्याची अनुमती कोणी दिली, यांची नोंद ठेवणे हे या व्यक्तीचे काम असते. तात्पुरती गोष्टही अभियांत्रिकीचीच गोष्ट आहे, ही त्यामागची साधी भूमिका आहे.

उपाय आवाक्यातले

भारतात प्रत्येक घराच्या दुरुस्तीवर निरीक्षक नेमणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही. परवानगीच्या प्रचलित प्रक्रियेत एका पानाची भर घातली, तरी बराच फरक पडू शकतो. भिंत, खांब किंवा तुळईला हात लावणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत मधल्या अवस्थेचा स्वतंत्र नकाशा असावा : टेकू कोठे, किती, कशावर उभे, खालच्या किती मजल्यांपर्यंत आणि किती दिवस. त्यावर परवानाधारक संरचना अभियंत्याची सही असावी आणि भिंत फोडण्यापूर्वी व टेकू काढण्यापूर्वी अशी त्याची दोन वेळा प्रत्यक्ष भेट बंधनकारक असावी.

दुसरे पाऊल गृहनिर्माण संस्थांना उचलता येईल. नूतनीकरणाची अनामत रक्कम, डेब्रिज आणि उद्वाहनाचा वापर यांचे नियम बहुतेक संस्थांकडे असतात. त्याच यादीत टेकूंच्या नकाशाची प्रत मागण्याची आणि वरच्या-खालच्या सदनिकाधारकांना लेखी सूचना देण्याची अट घालता येईल. भिंत एका घरात असली, तरी तिच्यावरचे ओझे इतरांच्या घरांचे असते. घाटकोपर आणि गुरुग्राम या दोन्ही ठिकाणी काम एका जागेत होते आणि कोसळली ती अनेकांची घरे.

तिसरे पाऊल अंदाजपत्रकाचे आहे. फरशी, रंग, दिवे आणि फर्निचर यांच्या ओळी तपशिलाने लिहिल्या जातात. टेकूंचा खर्च मात्र कंत्राटदाराच्या एकूण आकड्यात दडलेला असतो. जो खर्च वेगळा दिसत नाही, तोच सर्वांत आधी कापला जातो. जॅकचे भाडे, दिवसांची संख्या आणि अभियंत्याचे शुल्क स्वतंत्र ओळीत आले, तर दोन आठवडे वाट पाहण्याचा दबाव कंत्राटदारावर राहणार नाही.

भाजलेल्या विटांची कोट्यवधी घरे आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या हाती जात आहेत. कुटुंबांच्या गरजा बदलल्या, दोन लहान खोल्यांऐवजी एक मोठी खोली हवी झाली. त्यात गैर काहीच नाही. योग्य आखणी असेल तर भारवाहक भिंतही सुरक्षितपणे हटवता येते. मात्र दर दुर्घटनेनंतर चौकशी समित्या ढिगाऱ्यात परवानगीचे कागद शोधत राहतील आणि टेकूंविषयी कोणी विचारणार नाही, तोवर ही आखणी गवंड्याच्या अंदाजावर सोडलेली राहील. त्या अंदाजाची किंमत मोजतात ते बहुधा वरच्या मजल्यावर राहणारे, ज्यांना भिंत पाडली जात असल्याचे कोणी सांगितलेलेही नसते.